‘आम्ही’ची घडण : ‘एकमजली अमेरिका’मधील प्रवासारंभाचे दिवस

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत स्थळवर्णन, समाजदर्शन आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या तीन घटकांचा विचार प्रामुख्याने केला जातो. प्रवास एकट्याने केला की सोबतीने, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम समजला जातो. वस्तुतः सोबत ही केवळ प्रवासाची सोय नसते; ती निवेदनाची रचना ठरवते. कोण पाहतो, कोण बोलतो, कोणाच्या नावावर मत नोंदले जाते, हे सारे सोबतीवर अवलंबून असते. प्रवासाच्या पहिल्या काही दिवसांत ही रचना आकार घेत असल्यामुळे आरंभीच्या प्रकरणांचा स्वतंत्र अभ्यास उपयुक्त ठरतो. या दृष्टीने इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव या रशियन लेखकद्वयाचे ‘एकमजली अमेरिका’ हे पुस्तक विशेष विचारात घेण्याजोगे आहे.

१

‘बारा खुर्च्या’ (१९२८) आणि ‘सोनेरी वासरू’ (१९३१) या उपहासप्रधान कादंबऱ्यांमुळे इल्फ-पेत्रोव हे नाव सोव्हिएत वाचकांत घरोघरी पोहोचले होते. १९३५ च्या शरद ऋतूत ‘प्रावदा’ या दैनिकाचे वार्ताहर म्हणून ते ‘नॉर्मंडी’ या जहाजाने न्यूयॉर्कला गेले. तेथे सुमारे महिनाभर राहून त्यांनी एक फोर्ड मोटार खरेदी केली आणि पुढील दोन महिन्यांत अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत व दक्षिणेच्या वाटेने परत, असा सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला. या प्रवासातील छायाचित्रांची मालिका १९३६ मध्ये ‘ओगन्योक’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. पुस्तक १९३७ मध्ये ग्रंथरूपात आले.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिला भाग न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या सत्ताविसाव्या मजल्यावरील खिडकीचा आहे, तर दुसऱ्या भागात मोटार रस्त्याला लागते. खिडकीतून रस्त्याकडे झालेले हे स्थलांतर म्हणजे पुस्तकाच्या आशयाचा गाभा होय. उंचावरून दिसणारी अमेरिका गगनचुंबी इमारतींची आहे. मोटारीच्या काचेतून दिसणारी अमेरिका मात्र एक-दोन मजली घरांची, एकाच मुख्य रस्त्याच्या लहान गावांची आहे. ग्रंथाचे शीर्षक या शोधातून आले आहे. १९३७ च्या इंग्रजी अनुवादाला ‘लिटल गोल्डन अमेरिका’ असे नाव देण्यात आले. त्यामुळे लेखकांच्या आधीच्या कादंबरीचे स्मरण होते. परंतु पहिल्या दिवसांनी मिळवून दिलेली मूळ दृष्टी हरवते.

२

प्रवासाच्या आरंभी लेखकांसमोर एक अडचण उभी राहते. दोघांचेही इंग्रजी तोकडे, देश अपरिचित. हवा असलेला सोबती मोटार चालवणारा, अमेरिका जाणणारा, रशियन व इंग्रजी दोन्ही बोलणारा, सुसंस्कृत आणि शिवाय पैसे मिळवण्याची आवड नसलेला असावा! अपेक्षांची ही यादी विनोदी आहे. पण तीत अमेरिकन समाजावरील भाष्यही दडलेले आहे. सर्व गुण एका माणसात सापडत नाहीत, तेव्हा ते एका दांपत्यात विभागून सापडतात. मिस्टर अ‍ॅडम्स बोलतात, समजावतात, वाद घालतात, वस्तू विसरतात. मिसेस अ‍ॅडम्स मोटार चालवतात. घरी लहान मूल ठेवून आल्यामुळे त्यांना परतण्याची ओढ आहे, आणि म्हणून प्रवासाच्या मुदतीला कडक मर्यादा आहे.

अ‍ॅडम्स दांपत्यामागे सॉलोमन ट्रोन आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स ही खरी माणसे होती. ट्रोन हे जनरल इलेक्ट्रिकचे निवृत्त अभियंता. त्यांनी रशियातही काम केले होते. पुढे भारत स्वतंत्र झाल्यावर औद्योगिक नियोजनासंबंधी पंडित नेहरूंनीही त्यांचा सल्ला घेतला. प्रवासाच्या आरंभीच्या मुक्कामांत स्केनेक्टडी हे जनरल इलेक्ट्रिकचे शहर यावे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. ‘परक्या देशातील अनोळखी गाव’ म्हणून वाचकासमोर येणारे हे ठिकाण सोबत्यासाठी मात्र आपल्या आयुष्यातले गाव होते. म्हणजे प्रवासाचा मार्ग केवळ नकाशाने ठरलेला नाही. मैत्रीनेही तो ठरवला आहे.

३

रस्त्यावरच्या पहिल्या दिवसांत फारसे काही घडत नाही. हडसनच्या खोऱ्यातून उत्तरेकडे, मग नायगाराच्या दिशेने पश्चिमेकडे मोटार जाते. गुळगुळीत रस्ता, पाट्या, पेट्रोल पंप, औषधांच्या दुकानातच मिळणारे जेवण, आणि पुन्हा तसेच दुसरे गाव. घटनांची ही दुर्मिळता लेखकांनी दोष मानलेली नाही. पुनरावृत्ती हाच त्यांनी निरीक्षणाचा विषय केला आहे. एक गाव संपून दुसरे लागले तरी आपण पुढे सरकलो की नाही, असा संभ्रम पडावा, इतके साम्य त्यांना आढळते.

पेट्रोल पंपावरील सेवेचे वर्णन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पेट्रोल भरणारा माणूस न सांगता तेल तपासतो, काच पुसतो, रस्ता सांगतो. सोव्हिएत वाचकाला या वर्णनात नकळत तुलना जाणवल्यावाचून राहणार नाही. १९३६ साली मॉस्कोत छापल्या जाणाऱ्या मजकुरात भांडवलशाही देशातील दैनंदिन सौजन्याची अशी तपशीलवार वाखाणणी करणे ही साधी गोष्ट नव्हती. त्याच प्रकरणांत गावांच्या एकसुरीपणावरील टीकाही येते. प्रशंसा आणि टीका या दोन्हींचा भार मिस्टर अ‍ॅडम्स यांच्या बोलण्याने हलका होतो. अमेरिकेवरील कठोर शेरा अमेरिकन माणूसच मारतो, आणि अमेरिकेच्या गुणांकडे बोटही तोच दाखवतो. मैत्री ही येथे निवेदकांना मिळालेली ढाल आहे, असे म्हणता येईल.

या युक्तीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. एकाच सोबत्याच्या बोलण्यातून देश समजून घेतला की त्याचे आवडते विषय हेच देशाचे प्रश्न होऊन बसतात. दुसरे असे की, जिच्या हाती मोटारीचे चक्र आहे त्या मिसेस अ‍ॅडम्सच्या वाट्याला पतीच्या तुलनेत फार कमी विचार येतात. दहा हजार मैल चालवणारी व्यक्ती मतप्रदर्शनाच्या बाबतीत मागच्या बाकावर बसते. विनोदी जोडप्याची घडण साधताना लेखकांनी केलेली ही वाटणी निर्दोष म्हणता येत नाही.

४

या पुस्तकाचा मराठीच्या दृष्टीने विचार केला असता एक भाषिक प्रश्न समोर येतो. रशियन भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे एक आणि सामावून घेणारे दुसरे. रशियन निवेदनातील ‘आम्ही’ न्यूयॉर्कमध्ये केवळ दोन लेखकांचा असतो. मोटार निघाल्यावर तो हळूहळू चौघांचा होतो. अनुवादकाला संवादांत ‘आपण’ येऊ द्यावे लागेल, निवेदनात ‘आम्ही’ ठेवावे लागेल, आणि सोव्हिएत वाचकाला उद्देशून आलेल्या वाक्यांत पुन्हा निर्णय करावा लागेल. मूळ भाषेत झाकून राहिलेली नात्यांची वर्तुळे मराठीत उघडी पडतात. मित्रांबरोबरच्या प्रवासाचे पहिले दिवस म्हणजे ‘आम्ही’चे ‘आपण’ होण्याचे दिवस, ही गोष्ट मराठी भाषाच दाखवून देते.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा मुख्यतः ‘मी’ची आहे. पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात संस्था, चालीरीती आणि स्त्रियांची स्थिती यांना महत्त्व आहे. तेथे अमेरिका विषयवार उलगडते, रस्त्याच्या क्रमाने नव्हे. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाचा प्रवास इल्फ-पेत्रोव यांच्या नेमका उलट दिशेचा. शीर्षकातच प्रवासाची वैचारिक दिशा निश्चित झालेली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) पत्नीची सोबत आहे, परंतु विनोदाचे केंद्र निवेदक स्वतःच राहतो. यांपैकी कोणत्याही पुस्तकाचे मूल्य यामुळे उणावत नाही. मात्र मित्रमंडळींचा समूह हाच निवेदक होऊ शकतो, ही शक्यता आपल्या परंपरेत तुलनेने कमी अजमावली गेली, हे जाणवते.

५

इल्फ आणि पेत्रोव यांनी आधीच्या कादंबऱ्या शेजारी बसून, वाक्यागणिक चर्चा करून लिहिल्या होत्या. ‘एकमजली अमेरिका’ त्यांनी प्रथमच वेगवेगळे बसून लिहिली. पेत्रोव यांच्या आठवणींनुसार सत्तेचाळीस प्रकरणांपैकी वीस एकाने, वीस दुसऱ्याने आणि सात दोघांनी मिळून लिहिली. कोणती प्रकरणे कोणाची, हे वाचकाला ओळखता येत नाही. या वेगळेपणामागचे कारण दुःखद होते. प्रवासाच्या उत्तरार्धात, न्यू ऑर्लिन्स येथे, इल्फ यांच्या खोकल्यातून रक्त आले; जुना क्षय उलटला होता. १३ एप्रिल १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. पेत्रोव यांचा १९४२ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला.

पुस्तकात या आजाराचा उल्लेख नाही. परंतु पहिल्या दिवसांची प्रकरणे लिहिली गेली ती परतल्यावर, म्हणजे न्यू ऑर्लिन्समधील तो प्रसंग घडून गेल्यानंतर. विसराळू मिस्टर अ‍ॅडम्स, नव्या मोटारीचा दिमाख, पुढे मोकळा पडलेला रस्ता यांची प्रसन्नता, शेवट ठाऊक असलेल्या दोन माणसांनी, दोन स्वतंत्र टेबलांवर बसून, पुन्हा उभी केली आहे. हे ध्यानात घेतले की त्या प्रकरणांतील खेळकरपणाकडे केवळ विनोदी लेखकांची सवय म्हणून पाहता येत नाही. ‘आम्ही’ हे सर्वनाम तेथे व्याकरणाचे रूप उरत नाही. लेखकांनी निश्चयाने राखलेली ती एक गोष्ट ठरते. प्रवासवर्णनातील सोबतीचा विचार निवेदनतंत्रापुरता मर्यादित ठेवता येत नाही, हे या पुस्तकाच्या आरंभीच्या प्रकरणांवरून स्पष्ट होते.