कृपेची भाषा आणि आचरणाची कसोटी

पाप, कृपा आणि तारण हे तीन शब्द मराठी ख्रिस्ती वाङ्मयात इतके रुळले आहेत की, त्यांच्या निवडीत एक महत्त्वाचा वाङ्मयीन निर्णय सामावलेला आहे याचे सहज विस्मरण होते. लखनौसारख्या शहरात ख्रिस्ती उपदेशकाला याच कल्पनांसाठी गुनाह, फजल आणि नजात हे उर्दू शब्द आयते मिळाले. हिंदी बायबलाने कृपेसाठी ‘अनुग्रह’ हा शब्द पत्करला. मराठीत मात्र अनुग्रह म्हटले की गुरूने शिष्याच्या कानात सांगितलेला मंत्र आठवतो; मराठी बायबलात रूढ झाला तो वारकऱ्यांच्या ओठांवरचा ‘कृपा’ हा शब्द. ‘तारण’ या शब्दाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. भवसागरातून तारून नेणे हा त्याचा एक अर्थ, आणि सावकाराकडे कर्जापोटी ठेवलेला दागिना हा दुसरा. न मागता, न कमावता मिळणाऱ्या देणगीचे नाव आणि देण्याघेण्याच्या व्यवहाराचे नाव मराठीत एकच असावे, हा भाषेचा योगायोग खरा. पण कृपेविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकापुढची अडचण त्यात नेमकी उमटली आहे.

ही अडचण धर्मशास्त्राइतकीच वाङ्मयाचीही आहे. कृपा ही लायकी पाहून दिली जात नाही, असे ख्रिस्ती सिद्धान्त सांगतो. मग ती मिळाली हे लेखकाने सांगावे कसे, आणि वाचकाने मानावे कशावरून? लेखकाच्या अंतःकरणात डोकावण्याचे साधन वाचकाजवळ नसते. त्याच्या हाती असते ते निवेदन, आणि त्या निवेदनात दिसणारे आचरण. तेव्हा श्रद्धा जगून दाखविणे हा उपदेशाचा विषय असला, तरी कृपेच्या वाङ्मयात तो पुराव्याचाही प्रश्न होतो. लखनौत घडलेल्या एका उपदेशकाची ग्रंथरचना आणि मराठी ख्रिस्ती लेखक-लेखिकांचे वाङ्मय शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे कार्य विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये बरेलीस आरंभिले आणि १८५८ मध्ये ते लखनौस आले. १८७० मध्ये इझाबेला थोबर्न यांनी अमीनाबादच्या बाजारात सहा मुलींची शाळा काढली. त्याच रोपाचे पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय झाले. या पंथाचा मूळ पुरुष जॉन वेस्ली (१७०३–१७९१). वेस्लीच्या विचारात पापाची क्षमा हा कृपेचा केवळ आरंभ आहे. तिचा विस्तार पवित्र जीवनात व्हावयास हवा. क्षमा मिळाली पण मनुष्य बदलला नाही, ही स्थिती त्याला पटणारी नव्हती. मोजक्या निवडलेल्यांनाच तारण लाभते हा कॅल्व्हिनवादी सिद्धान्त त्याने नाकारला आणि कृपा सर्वांना खुली आहे असे प्रतिपादिले. अर्थात, कृपा सर्वांसाठी असेल तर तिची जबाबदारीही सर्वांवर येते. ‘विश्वास की कृत्य’ हा जुना वाद वेस्लीच्या परंपरेत या मार्गाने आचरणाकडे वळतो.

इली स्टॅन्ली जोन्स हे १९०७ मध्ये लखनौस आले ते ही परंपरा घेऊन. लाल बाग येथील इंग्रजी भाषिक मंडळीचे पाळक म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. पहिल्या काही वर्षांतच त्यांची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळली. विश्रांतीसाठी मायदेशी जाऊन आल्यावरही उतार पडेना. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ या ग्रंथात त्यांनी या काळाची हकिगत दिली आहे. लखनौच्या एका प्रार्थनासभेत आपण हे काम करण्यास सिद्ध आहोत काय, असा प्रश्न त्यांना अंतर्यामी ऐकू आला. आपली शक्ती संपली आहे, असे त्यांनी उत्तर दिले. आणि ओझे सोपवून दे, चिंता करू नकोस, असे आश्वासन त्यांना मिळाले. ते त्यांनी तेथल्या तेथे स्वीकारले.

या निवेदनाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. उपदेशक स्वतः निकामी झाला आहे हे प्रथम मान्य होते, आणि नंतरच त्याला बळ मिळते. परंतु तो क्षण सांगताना जोन्स शब्द योजतात ते सौदा पक्का झाल्याचे. कमावता न येणारी देणगी सांगण्यासाठी व्यापाऱ्याची भाषा वापरावी लागावी, ही विसंगती लेखकाच्या लक्षात आलेली दिसत नाही. मराठीतील ‘तारण’ शब्दाची जोडअर्थी अडचण येथे वेगळ्या वेषात पुन्हा भेटते. जोन्स यांच्या पुढील उपदेशपर ग्रंथांत, उदाहरणार्थ ‘व्हिक्टोरियस लिव्हिंग’ (१९३६) आणि ‘अबंडंट लिव्हिंग’ (१९४२) यांत, दिवसागणिक एक पाठ अशी मांडणी आहे. तिच्यामुळे कृपा हे नित्याच्या व्यवहारात उतरवण्याचे साधन होते. हा तिचा लाभ. तोटा असा की, समर्पण केले की फळ हमखास, असा एक हिशेबी सूर तिच्यात शिरतो आणि पापाचे गूढ हलके होते. जोन्स यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये लखनौत स्थापन झालेले ‘नूर मंझिल’ हे मनोरुग्णालय या दृष्टीने लक्षणीय आहे. अपराधभावनेने खचलेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर वैद्यकाचीही गरज असते, हे त्या स्थापनेत मान्य झाले. पुस्तकांच्या ठाशीव सुरापेक्षा ही कृती अधिक नम्र आहे.

त्याच १९२५ च्या ग्रंथात गांधीजींशी झालेला एक संवाद आहे. ख्रिस्ती धर्म या देशात परका न वाटता रुजावा कसा, असे जोन्स यांनी विचारले असता गांधीजींनी चार गोष्टी सुचविल्या. त्यांतली पहिली, ख्रिस्त्यांनी येशूसारखे जगण्यास लागावे, ही होती. धर्म पातळ न करता पाळणे, प्रेमाला केंद्रस्थानी ठेवणे आणि इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करणे, या उरलेल्या तीन. सिद्धान्ताचे खंडन-मंडन टाळून गांधीजींनी प्रश्न थेट आचरणावर आणला, आणि जोन्स यांनी तो आपल्या ग्रंथात मोकळेपणाने नोंदविला. त्या ग्रंथाचा खरा मध्यबिंदू हाच म्हणावा लागेल.

मराठी वाङ्मयात हाच प्रश्न त्याआधीच वेगवेगळ्या अंगांनी उभा राहिला होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात मात्र त्या एक मार्मिक भेद करतात: ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडण्यास पुढे आठ वर्षे जावी लागली. बुद्धीने पटलेले मत आणि जिवाला लागलेली गरज यांतील हे अंतर त्यांनी निर्भयपणे दाखविले. पण रमाबाईंच्या कृपाविचाराचे महत्त्वाचे साक्षीदार आहे ते केडगावचे मुक्ती मिशन, आणि त्यांनी अखेरपर्यंत चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक मूळ पाहून केलेल्या त्या भाषांतरात साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हवी, आणि हिंदू धर्मकल्पनांशी जखडलेले शब्द टाळावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. विदुषीने आपल्या संस्कृत पांडित्याचा मोह आवरून केलेली ही शब्दनिवड आचरणाचाच एक प्रकार होय.

नारायण वामन टिळकांची वाट उलट दिशेने गेली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते, आणि ‘अभंगांजली’त वारकऱ्यांचा छंद, त्यांची आर्तता, त्यांची सलगी हे सारे आपलेसे केले. मराठी समीक्षेने या रचनेचे कौतुक बहुधा ‘ख्रिस्ती वेषातील वारकरी’ अशा शब्दांत केले आहे. हे वर्णन अपुरे आहे. पापाची जाणीव वारकरी काव्यात नव्हती आणि ती ख्रिस्ती धर्माने आणली, असेही म्हणता येणार नाही. स्वतःच्या दोषांचा पाढा तुकारामांइतका निर्दयपणे फार थोड्यांनी वाचला असेल. भेद आहे तो रचनेचा. अभंगातील याचना रोज नव्याने करावयाची असते. भक्त काल रडला म्हणून आज त्याचे रडणे संपत नाही. ख्रिस्ती कृपा मात्र एका ऐतिहासिक घटनेशी, क्रुसाशी, बांधलेली आहे, आणि तिचा स्वीकार जीवनाचे ‘पूर्वी’ व ‘नंतर’ असे दोन भाग करतो. संत ऑगस्टिनपासून कृपेचा अनुभव आत्मचरित्राच्या रूपात सांगितला गेला तो यामुळेच. टिळकांनी वळणबिंदूचा अनुभव पुनरावृत्तीच्या छंदात घातला. त्यामुळे त्यांच्या ख्रिस्ताला मराठी जिव्हाळा लाभला. पण बदलले ते काय, याचे उत्तर कवितेत धूसर राहिले. ते उत्तर त्यांच्या चरित्रात शोधावे लागते: १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणू पाहणारा ‘देवाचा दरबार’ मांडला.

कवितेत जे धूसर राहिले ते गद्यात स्पष्ट झाले, आणि ते केले लक्ष्मीबाई टिळकांनी. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त सिद्धान्ताची चर्चा नाममात्र आहे. पतीने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे दूर राहिल्या. परतल्या तरी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवून राहिल्या. मग जाती देवाने केल्या की माणसांनी, या प्रश्नाशी त्यांचा स्वतःशीच झगडा झाला, आणि एके दिवशी त्यांनी सोवळे सोडले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. म्हणजे शास्त्र ज्या क्रमाने कृपा आणि तिचे फळ सांगते तो क्रम येथे उलटलेला दिसतो. वेस्लीच्या विचारात मात्र याला जागा आहे: मनुष्याने ओळखण्यापूर्वीच कृपा त्याच्यात काम करू लागते, असे तो मानी. लक्ष्मीबाईंना हा सिद्धान्त ठाऊक असो वा नसो, त्याचे मराठीतील सर्वांत विश्वसनीय उदाहरण त्यांनी लिहिले आहे. पाण्याच्या घागरीइतक्या लहान गोष्टीवर ते उभे आहे, आणि निवेदनाच्या विनोदी, निर्मळ सुरामुळे त्यात आत्मप्रौढीला शिरकाव मिळत नाही.

या सर्व वाङ्मयाला एका गंभीर आक्षेपाचे उत्तर द्यावे लागते. तो आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयीचा त्यांचा निबंध मरणोत्तर, १९८९ मध्ये, त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाला. हिंदू असताना आपली दुर्दशा पूर्वकर्माने झाली असे या माणसाला सांगितले जाई, ख्रिस्ती झाल्यावर ती पूर्वजाच्या पापाने झाली असे सांगितले जाते; दोहोंतही समाजव्यवस्था निर्दोष सुटते आणि पीडिताला सुटकेची वाट राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पापाचा सिद्धान्त व्यक्तीच्या अंतःकरणापाशीच थांबला, तर हा आक्षेप अचूक ठरतो. जोन्स यांच्या दैनिक पाठांतील पुष्कळ भाग त्याच्यापुढे टिकत नाही. टिळकांच्या अभंगांतील आर्तताही येथे उपयोगी पडत नाही.

‘स्मृतिचित्रे’ टिकतात, कारण तेथे पापाची जागा बदललेली आहे. जो खाली ढकलला गेला त्याच्या माथी पाप मारलेले नाही. स्वतःला शुद्ध समजणारीच्या सोवळ्यात ते सापडले आहे. जोन्स यांनी सांगितलेला एक प्रसंगही याच जातीचा आहे. नैनितालच्या डोंगरातील सातताल येथे त्यांनी १९३० मध्ये आश्रम काढला. तेथे आठवड्यातून एक दिवस झाडूवाल्याला सुटी देऊन त्याचे काम आश्रमवासीयांनी स्वेच्छेने करण्याची प्रथा होती. एका ब्राह्मण ख्रिस्त्याला, आपण पुढे केव्हा येणार, असे विचारले असता, आपले परिवर्तन झाले आहे खरे, पण इतक्या दूरवर झालेले नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. जोन्स यांच्या सबंध उपदेशात पापाची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच आढळेल. क्षमा मिळाली, प्रार्थना जमली, नाव बदलले. आणि झाडूपाशी येऊन कृपा अडली. हा प्रसंग आंबेडकरांच्या आक्षेपाचे पूर्ण निराकरण करीत नाही. सुटीचा तो एक दिवस संपला की झाडू पुन्हा पहिल्याच हातात जातो, हे विसरता येत नाही. तथापि, दोष कोठे शोधावा याची दिशा तो दाखवितो.

मराठी समीक्षेने ख्रिस्ती वाङ्मयाचे मूल्यमापन आजवर मुख्यतः भाषेच्या देशीपणावर केले: अभंग किती अस्सल, ओवी किती सहज, मिशनरी वळण किती पुसले गेले. ही कसोटी आवश्यक होती, पण तिने अर्धेच काम झाले. कृपेविषयी लिहिणाऱ्या ग्रंथाला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: येथे पाप कोणाच्या नावावर मांडले आहे, आणि कृपेनंतर निवेदकाच्या हातांनी कोणते काम केले? या प्रश्नापुढे लखनौच्या उपदेशकाचे नीटनेटके पाठ मागे पडतात आणि त्याने जाता जाता सांगितलेली झाडूची गोष्ट पुढे येते. कवीच्या अभंगांहून त्याच्या पत्नीने सोडलेले सोवळे अधिक बोलते. ‘तारण’ शब्दातील देण्याघेण्याचा अर्थ मराठीतून पुसता येणार नाही, आणि पुसण्याचे कारणही नाही. मिळालेल्या कृपेपोटी माणसाने आपल्याजवळचे काय सोडून दिले, हे विचारण्यास तो अर्थ वाचकाला साह्यच करतो.