वाट कुणाच्या मर्जीची? 'पंधरा मिनिटांच्या शहरा'ची मालवणातून समीक्षा

आज आपण एक कल्पना तपासणार आहोत, आणि ती तपासण्यासाठी मालवण गाव घेणार आहोत. कल्पना अशी की दुकान, शाळा, दवाखाना, कामाची जागा हे सगळं घरापासून पंधरा मिनिटांत, चालत किंवा सायकलवर गाठता यावं. पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी ती २०१६ साली मांडली. पुढे २०२० मध्ये तिथल्या महापौर आन इदाल्गो यांनी ती निवडणुकीत उचलून धरली. आपल्याकडे प्रश्न जरा वेगळ्या तोंडाने येतो. पुण्यात घर शोधणारा मुलगा विचारतो, गाडी न काढता कुठे राहता येईल? निवृत्तीनंतर कोकणात परतू पाहणारे आईवडीलही तेच विचारतात.

कल्पनेत तथ्य आहे, हे आधी कबूल करू. शहर गाडीच्या वेगाने आखायचं की माणसाच्या पावलाने, हा मूल्यांचा प्रश्न आहे आणि तो या कल्पनेने चव्हाट्यावर आणला. आमचा आक्षेप तिच्या मोजपट्टीला आहे.

पंधरा मिनिटं कुणाची? धडधाकट माणूस तेवढ्यात साधारण बाराशे मीटर चालतो. गुडघे धरलेली आजी सहाशे. अंतर निम्मं झालं म्हणून तिचं जग निम्मं झालं, असं आपल्याला वाटतं. पण ती सगळ्या दिशांना चालते, म्हणजे हिशेब वर्तुळाचा आहे. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव उरतं. नातवाच्या आवाक्यात चार दुकानं असतील तर तिच्या आवाक्यात सरासरी एकच. त्यात आपला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मेमध्ये जी वाट दहा मिनिटांची, तीच जुलैत व्हाळ भरला नि साकव नसला तर वाटच राहत नाही. तेव्हा घड्याळाचं माप तरुण, कोरड्या दिवसातल्या माणसाचं आहे.

आता दोन गावं शेजारी ठेवून पाहू. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसला वसवलं गेलं. नाव सिंधुदुर्गनगरी. ती कागदावर आखलेली वसाहत. कार्यालयाजवळ कार्यालय, त्यामुळे एका कागदासाठी दोन दारं चालत गाठणं सोपं. पण कार्यालयं सुटली की चालण्याचं कारणही सुटतं. उलट मालवण कुणी एका बैठकीत आखलं नाही. मासळी बाजार, बंदर, बाजारपेठ, टोपीवाला हायस्कूल, आणि भोवती मेढा, धुरीवाडा, दांडी. एकाच फेरीत मासे, औषध आणि भावाच्या घरची चौकशी, तिन्ही उरकतात. जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतल्या नगररचनाकारांना हेच सुनावलं होतं: लहान गल्ल्या आणि मिसळलेले व्यवहार यांनी रस्ता जिवंत राहतो. इथवर मालवण हे त्यांचंच उदाहरण वाटेल.

पण आपण इथेच थांबलो तर ते गोड स्मरणरंजन होईल. वाडीतली वाट नेमकी कुठून जाते, ते बघा. दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून, माडाच्या बागेतून, कुणाच्या तरी खळ्याच्या कडेने. यातल्या कितीतरी वाटा सातबाऱ्यावर नसतात. त्या चालतात कारण मालक अडवत नाही. मग मालक मुंबईला जातो, जमीन विकली जाते, नव्या घराला चिऱ्याचं कंपाउंड आणि लोखंडी गेट येतं. पाच मिनिटांवरची शाळा वीस मिनिटांवर जाते. नकाशावरचं अंतर इंचभरही बदललेलं नसतं! आणि दैवदुर्विलास असा की नवा मालक बहुधा गाडीच्या शहराला कंटाळून, शांतपणे चालायला मिळावं म्हणूनच इथे आलेला असतो.

इथे तत्त्वज्ञानाचा जुना भेद कामी येतो: हक्क आणि कृपा. आपला कायदा तो भेद फार नेमका करतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार एखादी वाट वीस वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काने वापरली तर तो वापर हक्क बनतो. 'वहिवाट' म्हणतात ती हीच. पण तीच वाट परवानगीने, उपकार म्हणून वापरली तर चाळीस वर्षांनीही हक्क उभा राहत नाही. म्हणजे शेजारी जितका प्रेमळ, तितकी वाट कायद्याच्या दृष्टीने कच्ची. सलोख्यावर चालणारं गाव सलोखा विकला गेला की उघडं पडतं. वाटेची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त व्हावी, असा आग्रह म्हणून तर धरायचा. तो भांडखोरपणा नाही. शेजाऱ्याच्या नातवंडांशी होणारं भांडण आजच मिटवणं आहे.

कुणी म्हणेल, पूर्वी सगळं मोकळं होतं. कुणाला? वाड्या जातींनी वसल्या होत्या, आणि प्रत्येक वाट प्रत्येकाच्या पायाची नव्हती. १९२४ साली केरळात वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळाच्या भोवतालच्या रस्त्यांवरून सर्वांना चालता यावं म्हणून. चालणं हे व्यायामाआधी नागरिकत्व आहे, हे आपण तिथून शिकावं. आणि आपल्याकडचा तो प्रेमळ प्रश्न, "खंय चललंस?" आजोबांना तो आधार वाटतो, संध्याकाळी एकटी निघालेल्या मुलीला कधी कधी तोच पहारा वाटतो. जिला उत्तर न देता पुढे जाता येतं, तिच्यासाठीच ती वाट खरी मोकळी.

मग घर शोधताना काय विचारावं? आम्ही तीन प्रश्न सुचवू. एक, इथे गाडी नसलेलं माणूस, म्हणजे शाळकरी पोर, म्हातारी, घरकामाला येणारी बाई, कुठून चालतं? त्यांच्या पावलांनी वस्ती जोखा, दलालाच्या घड्याळाने नको. दोन, ती वाट कुणाची आहे: नगरपरिषदेची, नोंदलेल्या वहिवाटीची, की कुणाच्या मर्जीची? आणि तिसरा सर्वांत अवघड: मी इथे आल्यावर कुणाची वाट बंद होणार आहे?

दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी निघते आणि तिच्यामागे सारं गाव चालतं. ज्या वाटेवरून गाव एकत्र चालतं, तिथे गेट लावायला कुणी धजत नाही. उरलेल्या वाटांना पालखी नाही. त्यांना राखायला रोजची पावलं लागतात, आणि कागदावर एक ओळ.