तक्रार कुणाविरुद्ध, आणि द्यायची कुणाकडे?

मंडळी, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक नियम हमखास सांगायचो: आपल्याच खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये. लॉकने राज्यसंस्थेची गरज मांडली ती याच आधारावर. आज हा नियम आपल्या केजच्या पोलीस ठाण्याच्या दारात नेऊन तपासू या.

९ डिसेंबर २०२४. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. ठाण्यात गेलो तर तक्रार वेळेवर घेतलीच नाही, हा घरच्यांचा आरोप. पुढे एक उपनिरीक्षक निलंबित झाला, निरीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. सीआयडी आली, एसआयटी आली. पण माझा प्रश्न त्या दुपारचा आहे. ठाणं ऐकत नसेल, तर ठाण्याची तक्रार कुठे करायची? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं: अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवा, तिथेही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. म्हणजे पहिलं अपील त्याच खात्यात! आणि माणूस पळवून नेलेला असताना टपाल?

त्याच आठवड्यात, १५ डिसेंबरला, परभणीत कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे धक्का बसल्याची नोंद होती. मारहाण झाली नाही, असं सभागृहात सांगितलं गेलं. गुन्हा नोंदवा, असा औरंगाबाद खंडपीठाचा आदेश यायला ४ जुलै २०२५ उजाडलं. त्यावरही सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथे हरलं. एका आईला पोलिसांविरुद्ध साधा गुन्हा नोंदवायला एवढी पायपीट!

यावरचा उपाय काही नवा नाही. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण हवं, आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक हव्यात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. पण जिल्ह्याच्या जागी विभाग आला, आणि राज्य प्राधिकरणाचा अहवाल अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून नाकारायची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. पाटी लावली, पण किल्ली खिशातच! मराठवाड्याचे आठ जिल्हे म्हणजे एक विभाग. केजच्या शेतमजुराने रोज बुडवून, बीड ओलांडून संभाजीनगर गाठायचं का?

लोक म्हणतात, सर, अशानं पोलिसांचं मनोबल खचेल. मला उलटं वाटतं. खात्याने खात्याची चौकशी केली, की निर्दोष सुटलेल्या हवालदारावरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्याचंही नाव बाहेरच्या माणसानेच धुवून निघतं. उत्तर आयर्लंडमध्ये २००० पासून पोलिसांवरच्या तक्रारी स्वतंत्र लोकपालाकडे जातात. तिथे पोलीस दल काही मोडून पडलं नाही.

खोट्या तक्रारी येतील, मान्य आहे. त्या खोट्या ठरवायलाही तटस्थ माणूस लागतोच ना?

म्हणून मागणी चारच गोष्टींची: जिल्ह्यात प्राधिकरण, स्वतःचे तपास अधिकारी, ठरलेली मुदत, बंधनकारक निर्णय. माणूस गेल्यावर समित्या नेमणं सोपं असतं. तो जिवंत असताना ऐकून घेणारं दार आपल्याला हवंय.