‘हॉट सेक्टर’ सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं?

आज जुगाराच्या एका पद्धतीची चिरफाड करायची आहे. जुगार शिकवायला नव्हे. नेट-सेटच्या तयारीत आपण बायनॉमियल वितरणाची गणितं डझनाने सोडवतो, आणि लॅबमध्ये गेल्यावर रुलेटच्या टेबलावरचा माणूस करतो तीच चूक करतो. मीही केली आहे. ते शेवटी सांगते.

आधी खेळ समजून घ्या. युरोपीय रुलेटच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ कप्पे असतात. आकडे ओळीने नसतात. शून्याच्या एका बाजूला ३२, १५, १९, तर दुसऱ्या बाजूला २६, ३, ३५ असा क्रम असतो. एका आकड्यावर १ रुपया लावला आणि तो आला, तर ३५ मिळतात आणि आपला १ परत येतो. म्हणजे शक्यता ३७ मध्ये एक, हातात येतात ३६. हा जो एकाचा फरक, तोच कॅसिनोचा २.७० टक्के नफा.

हॉट सेक्टरवाले म्हणतात: शेवटच्या १०० फेऱ्यांचे आकडे लिहा, ते चाकावरच्या शेजाराप्रमाणे मांडा, आणि ज्या पाच शेजारी कप्प्यांत गोळी जास्त वेळा पडली त्यांवर पैसे लावा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘लाल पाच वेळा आलं, आता काळं येणारच’ यापेक्षा हा विचार कितीतरी बरा आहे. यात निदान चाक ही एक वस्तू आहे, तिच्यात दोष असू शकतो, हे गृहीत धरलंय. आकडे चाकाच्या क्रमाने मांडणं तर अगदी योग्य. कप्प्यांमधली एखादी पट्टी सैल झाली, एखादा कप्पा झिजला, तर गोळी तिथे जास्त वेळा थांबू शकते.

घोळ पुढे आहे. समजा चाक पूर्ण निर्दोष आहे. आधीच ठरवलेल्या पाच कप्प्यांत १०० फेऱ्यांमध्ये गोळी सरासरी १३.५ वेळा पडेल, प्रमाण विचलन साधारण ३.४. तिथे २० किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता किती? जेमतेम ४.६ टक्के. इथे आपण खूश होतो, कारण ०.०५ च्या खाली आलो ना! पण तुम्ही ते पाच कप्पे आधी ठरवले होते का? चाकावर पाच शेजारी कप्प्यांचे गट ३७ निघतात. ३७ गुणिले ०.०४६, म्हणजे सुमारे १.७. निर्दोष चाकाच्या १०० फेऱ्यांच्या तक्त्यात असे ‘गरम’ गट सरासरी दीडाहून जास्त असतात. (हे गट एकमेकांवर चढलेले असल्यामुळे ते सुटेसुटे न येता घोळक्याने येतात. म्हणून डोळ्यांना ते आणखी खरे वाटतात.)

मला त्याहून बोचणारा आकडा हा: नुसती बरोबरी साधायलाही त्या पाच कप्प्यांची खरी शक्यता १३.५१ टक्क्यांवरून १३.८९ वर जायला हवी. म्हणजे शोधायचा फरक ०.३८ टक्के, आणि १०० फेऱ्यांमधला गोंगाट ३.४ टक्के. नऊपट! या तक्त्यातून हा फरक ‘दिसला’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला गोंगाटच दिसला आहे.

मग दोष खरंच असेल तर किती फेऱ्या लागतील? धरा, एका आकड्याची शक्यता १/३७ ऐवजी १/३० आहे. हा दणदणीत दोष झाला, खेळणाऱ्याला २० टक्के फायदा. पण ३७ आकड्यांतून तो निवडायचा तर तीन सिग्मा तरी हवेत, आणि त्यासाठी सुमारे ६,००० फेऱ्या. तासाला ४० धरल्या तर १५० तास. तेवढं करूनही तो निम्म्याच वेळा तीन सिग्मा ओलांडेल. (का? स्टॅटिस्टिकल पॉवरचं प्रकरण उघडा.)

‘पण लोक जिंकलेत की!’ जिंकलेत. १९४७ साली रेनोमध्ये अल्बर्ट हिब्स आणि रॉय वॉलफर्ड हे दोन विद्यार्थी जिंकले. पुढे दोघेही शास्त्रज्ञ झाले. गोन्झालो गार्सिया-पेलायो यांनी १९९० च्या दशकात माद्रिदच्या कॅसिनोत हजारो फेऱ्या नोंदवल्या, मग पैसे लावले; कॅसिनो कोर्टात गेला आणि २००४ मध्ये हरला. पण हे लोक एकेका चाकाचा दोष शोधत होते. नोंद आधी, पैसे नंतर. शंभर फेऱ्यांच्या पद्धतीला त्यांचं नाव जोडणं ही उसनवारी आहे.

दुसरी उसनवारी चाकाच्या तिरकेपणाची. ‘चाक कललं की सेक्टर गरम होतो’ असं बिनदिक्कत सांगतात. चाक कललं तर गोळी बाहेरच्या स्थिर कडेवरून ठरावीक जागी सुटते, हे खरं. पण आकडे खाली फिरत असतात! त्या क्षणी तिथे कोणता आकडा असेल ते दर फेरीला बदलतं. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये अंगावर वागवायचा छोटा संगणक केला, तो याचसाठी. चाक आणि गोळीचा वेग मोजून त्याच फेरीचं भाकीत करायचं, मागच्या शंभर फेऱ्यांशी देणंघेणं नाही. आणि मोबाइलवरच्या रुलेटमध्ये, जिथे आकडा यादृच्छिक संख्या काढणारा प्रोग्रॅम देतो, तिथे तर झिजायला कप्पाच नाही. तिथे शेजार म्हणजे नुसतं चित्र. कॅसिनोच स्क्रीनवर गरम-थंड आकडे का दाखवतात, याचाही जरा विचार करा.

डेटा कुठून आला, हेही विचारायला विसरू नका. कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात माँटे कार्लोचे वर्तमानपत्रात छापलेले निकाल तपासले आणि हा संयोगाचा खेळ असूच शकत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे असं सांगितलं गेलं की बातमीदार टेबलाजवळ न बसताच आकडे लिहीत. चाकाची परीक्षा घ्यायला गेले आणि झाली बातमीदारांची!

आता माझं. दुसऱ्या वर्षी डिटेक्टरच्या डेटात एका ठिकाणी उंचवटा दिसला. अडीच सिग्मा. मी रात्रभर बसून स्लाइड केली. सरांनी ती पाहिली आणि एवढंच विचारलं, “ही खिडकी तू डेटा बघायच्या आधी ठरवलीस की नंतर?” मी गप्प. मग खिडकीच्या कडा वहीत लिहिल्या, तारीख टाकली, सरांची सही घेतली आणि तीन आठवडे नवा डेटा घेतला. उंचवटा आला नाही.

ती स्लाइड अजून लॅपटॉपमध्ये आहे. फाइलचं नाव ‘न्यू पीक फायनल २’.