टेम्प्लेट मागू नका

'सर, आयईएलटीएसच्या रायटिंगसाठी एखादं चांगलं टेम्प्लेट पाठवा ना.' परदेशात पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्या मुलांचा हा मेसेज मला नेहमी येतो. मी पाठवत नाही. का, ते आज सांगतो.

पहिल्या प्रयत्नात मला रायटिंगमध्ये ५.५ मिळाले. विद्यापीठाला प्रत्येक विभागात किमान ६ हवे होते. परीक्षेची फी गेली, त्या वर्षीचा प्रवेशही गेला. वाटलं, आपलं इंग्रजीच कच्चं. पण सरावाच्या वह्या पुन्हा वाचल्या तेव्हा खरी चूक दिसली.

सरावाचा एक प्रश्न असा होता: यंत्रांमुळे पारंपरिक हस्तकला मागे पडत आहेत, सरकारने त्यांवर पैसा खर्च करावा का? मी आंधळगावचा. कोशाचं कापड विणणाऱ्यांचं हे गाव. मागाचा आवाज लहानपणापासून कानात. तरीही मी काय लिहिलं? 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्ज', मग दोन फायदे, दोन तोटे आणि शेवटी 'बॅलन्स हवा'. अख्ख्या निबंधात एकही विणकर नव्हता. हाच निबंध मोबाइलवर किंवा प्रदूषणावरही चालला असता!

आता परीक्षक काय बघतो ते पाहा. निकष चार: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चौघांना सारखंच वजन. टेम्प्लेट फार तर मांडणीचा आभास देतं. भूमिका आणि तिचा विस्तार ते देऊ शकत नाही. शिवाय पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला लगेच ओळखू येतात, कारण पुढच्याच ओळीत आपलं इंग्रजी एकदम घसरतं.

तोच निबंध मी पुन्हा लिहिला. भूमिका एकच ठेवली: पैसा विक्रीच्या व्यवस्थेवर खर्च व्हावा. कारण, हाताने विणलेली करवतकाठी साडी किमतीत यंत्राच्या कापडाशी टक्कर देऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला फरक ओळखता आला, तरच ते जास्त पैसे देईल. उदाहरण, या साडीला मिळालेलं भौगोलिक मानांकन: ते खऱ्या मालाची ओळख पटवतं, पण गिऱ्हाइकाला ते माहीतच नसेल तर उपयोग काय? इंग्रजी साधंच होतं. पण दावा, कारण आणि उदाहरण एकमेकांना धरून होते.

संशोधनातही हेच लागतं. अकॅडमिक परीक्षेतल्या टास्क १ मध्ये आलेख किंवा तक्ता असतो, किमान १५० शब्द. तिथे स्वतःचं मत घालायचं नाही, कारणंही शोधायची नाहीत; मुख्य कल सांगायचा आणि तुलना करायची. प्रबंधातलं 'निष्कर्षांचं प्रकरण' असंच लिहितात. टास्क २ म्हणजे 'चर्चा': किमान २५० शब्द आणि गुणांत दुप्पट वजन. म्हणून एकूण ६० मिनिटांतली ४० त्याला द्या.

परीक्षेवर माझा आक्षेपही आहे. तिथे उदाहरण खरं आहे का, हे कुणी तपासत नाही. संदर्भ नाहीत, पुनर्लेखनाला वेळ नाही. संशोधनाचं लेखन तर पुनर्लेखनातच घडतं. त्यामुळे इथे ७ बँड मिळाले म्हणून प्रबंध लिहिता येईल असं समजू नका, आणि ५.५ मिळाले म्हणून संशोधन जमणार नाही, असंही नाही.

मग तयारी कशी करायची? आठवड्याला दहा निबंध लिहू नका, दोन लिहा. लिहिण्याआधी पाच मिनिटं भूमिका मराठीत एका वाक्यात मांडा. मराठीत जमली नाही, तर इंग्रजीत जमणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच निबंध पुन्हा लिहा आणि प्रत्येक परिच्छेदाला विचारा: हा दुसऱ्या कुठल्या विषयावर चालेल का? चालत असेल तर खोडा.

आणि हो, उदाहरणं आपल्या गावात शोधा. ती पाठ करावी लागत नाहीत.