सर्व्हरमागे पोस्टग्रेस लावला, मग एका हिऱ्याचे दोन कसे झाले?

ऑनलाइन गेमचा सर्व्हर आणि त्यामागचा डेटाबेस हा विषय घेऊन केलेले प्रोजेक्ट रिपोर्ट गेल्या वर्षभरात मी बरेच चाळले. साचा ठरलेला असतो. लुआंटी इंजिन घ्यायचं, आधी एसक्यूलाइटवर चालवायचं, मग पोस्टग्रेसवर न्यायचं, दोन्हींचा वेग मोजायचा, एक बार चार्ट काढायचा. आणि शेवटी एक वाक्य: 'पोस्टग्रेसमुळे सर्व्हर अधिक विश्वासार्ह झाला.' वेगाच्या आकड्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे, कारण ते कोणीच तपासलेलं नसतं.

ज्यांना लुआंटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठोकळ्यांच्या जगाचं हे मुक्त इंजिन पेर्त्तु आहोला यांनी २०१० मध्ये माइनटेस्ट या नावाने सुरू केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं नाव बदलून लुआंटी झालं. इंजिन सी++ मध्ये आणि त्यावरचे गेम लुआ भाषेत. प्रत्येक जगाच्या फोल्डरमध्ये वर्ल्ड.एमटी नावाची एक साधी फाइल असते आणि कुठला बॅकएंड वापरायचा ते तिच्यात लिहायचं. इथे पहिली गोम आहे. बॅकएंड एक नाही, चार आहेत: नकाशा, खेळाडू, लॉगिनची माहिती, आणि मॉडचं स्वतःचं स्टोरेज. चौघांची जोडणी वेगळी लिहावी लागते, आणि सर्व्हर बंद ठेवून चौघांचं स्थलांतरही वेगवेगळ्या कमांडने करावं लागतं. पुष्कळ जण फक्त नकाशा हलवतात आणि काम झालं असं समजतात. पुढे मोठ्या विश्वासाने पोस्टग्रेसचा बॅकअप घेतात आणि गरज पडल्यावर कळतं, की जग आहे पण माणसं नाहीत! खेळाडू जुन्या एसक्यूलाइट फाइलमध्येच राहिलेले असतात.

आता टेबल उघडून बघा. बहुतेक रिपोर्टमध्ये हे कोणी केलेलंच नसतं. लुआंटीचं जग १६ × १६ × १६ नोडच्या ब्लॉकमध्ये विभागलेलं असतं, म्हणजे एका ब्लॉकमध्ये ४,०९६ नोड. प्रत्येक नोडला ४ बाइट: दोन प्रकारासाठी, एक मुख्यतः उजेडासाठी, एक दिशा वगैरेसाठी. हे झाले १६,३८४ बाइट. त्यात पेट्या, भट्ट्या यांच्या आतला माल जोडायचा, सगळं कॉम्प्रेस करायचं आणि एकाच रकान्यात टाकायचं. पोस्टग्रेसमधल्या त्या टेबलात तीन निर्देशांक आणि हा एक गठ्ठा, बास. इंजिन डेटाबेसकडे चारच कामं मागतं: ब्लॉक दे, ब्लॉक ठेव, ब्लॉक पुसून टाक, कुठले ब्लॉक आहेत त्यांची यादी दे. म्हणून तर त्याच जागी रेडिस किंवा लेव्हलडीबीही चालतं. धान्याची पोती ठेवायला बँकेचं लॉकर भाड्याने घ्यावं, तसा हा पोस्टग्रेसचा वापर आहे.

खेळाडूंच्या बाजूला मात्र चित्र वेगळं आहे. तिथे खरी टेबलं आहेत. खेळाडूकडचं सामान रकानेवार, ओळीओळीने लिहिलेलं असतं. म्हणजे 'कोणाच्या पिशवीत हिरे आहेत?' हे एसक्यूएलने विचारता येतं. 'कुठल्या पेटीत हिरे आहेत?' हे विचारता येत नाही, कारण पेटी त्या कॉम्प्रेस केलेल्या गठ्ठ्यात बंद आहे. एकाच गेममधला एकच हिरा, पण तो इकडून तिकडे गेला की डेटाबेसच्या दृष्टीने दिसेनासा होतो.

वेगाच्या तुलनेवरही या रचनेचा परिणाम होतो. एक नोड खणला तरी पूर्ण ब्लॉक पुन्हा लिहिला जातो. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी आवृत्ती, जुनी तशीच पडून राहते आणि ऑटोव्हॅक्यूम येऊन ती साफ करतो. दहा मिनिटांच्या चाचणीत हा खर्च दिसणारच नाही. तेव्हा बार चार्ट काढायचाच तर सर्व्हर निदान काही तास चालवा. असो.

मुख्य मुद्दा हिऱ्याचा. सर्व्हर नकाशातले बदल लगेच डेटाबेसमध्ये लिहीत नाही. ठरावीक अंतराने लिहितो. मूळ सेटिंग ५.३ सेकंदांचं आहे. खेळाडूंची माहितीही त्याच फेरीत जाते, पण त्याला एक अपवाद आहे: खेळाडू गेम सोडून गेला की त्याची माहिती तेव्हाच, ताबडतोब लिहिली जाते. आता समजा, मी पेटीतून हिरा काढला आणि लगेच बाहेर पडलो. माझी पिशवी डेटाबेसमध्ये पोचली, हिऱ्यासकट. पेटीचा ब्लॉक अजून सर्व्हरच्या मेमरीतच आहे. तेवढ्यात सर्व्हर कोसळला. पुन्हा सुरू केल्यावर हिरा माझ्याकडेही आहे आणि पेटीतही आहे. उलट क्रमाने, म्हणजे पेटीत ठेवून बाहेर पडलो, तर हिरा दोन्हीकडून गायब.

पोस्टग्रेसने यात कुठेच चूक केली नाही, हे नीट लक्षात घ्या. त्याला जे सांगितलं ते त्याने इमानाने जपलं. नकाशा आणि खेळाडू एकाच पोस्टग्रेसमध्ये ठेवले तरी इंजिन दोघांसाठी वेगळी जोडणी आणि वेगळं ट्रान्झॅक्शन वापरतं. हिरा हलवणं ही खेळाच्या दृष्टीने एक कृती आहे, डेटाबेसला मात्र ती दोन असंबद्ध कामं वाटतात. ट्रान्झॅक्शनची हद्द कोण आखतं? डेटाबेस नव्हे, त्याला वापरणारा प्रोग्राम. पाठ्यपुस्तकातले अ‍ॅसिड गुण आपण पाठ करतो, पण ही गोष्ट बहुतेकांच्या मनात उतरलेली नसते. त्यातूनच ते 'अधिक विश्वासार्ह' येतं.

इंजिन बनवणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. हेच इंजिन एकट्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवरही चालायचं असतं. पाच-सहा प्रकारचे बॅकएंड सांभाळायचे तर त्या सगळ्यांना जमेल एवढंच मागावं लागतं. प्रत्येक हालचालीला डेटाबेसची वाट बघत बसलं तर खेळ अडखळेल. ती तडजोड त्यांनी विचारपूर्वक केली असणार. फक्त ती तडजोड आहे हे रिपोर्टमध्ये यायला हवं.

या प्रश्नावर संशोधन आहे का? आहे. २००९ च्या व्हीएलडीबीमध्ये वाझ सालेस आणि सहकाऱ्यांचा मोठ्या ऑनलाइन गेमसाठीच्या चेकपॉइंट रिकव्हरीवरचा पेपर आला. गेमची सगळी अवस्था मेमरीत आहे असं धरून, दोन टिकच्या मधल्या क्षणी, जेव्हा ती सुसंगत असते, तेव्हा तिची प्रत कमीत कमी अडथळ्यात कशी घ्यायची याच्या पद्धती त्यांनी तोलल्या. वाचाच, प्रयोगाची मांडणी शिकण्यासारखी आहे. पण त्यात सगळी अवस्था एकाच प्रतीत जाते, म्हणून पेटी आणि पिशवी वेगळ्या पडण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. दुसऱ्या बाजूला २०१९ चा यार्डस्टिक हा बेंचमार्क आहे, माइनक्राफ्टसारख्या सर्व्हरसाठीचा. बॉट सोडून सर्व्हर किती ताण सहन करतो ते तो मोजतो. सर्व्हर मेल्यावर काय शिल्लक राहतं, हा त्याचा प्रश्न नाही. दोन चांगल्या कामांच्या मधली ही फट बार चार्टपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

प्रयोग अवघड नाही. ठरावीक संख्येने हिरे जगात ठेवा. बॉट पेटीतून काढतील, ठेवतील, आत-बाहेर करतील. मध्येच कधीतरी सर्व्हर मारा, पुन्हा सुरू करा आणि हिरे मोजा: पिशव्यांतले एसक्यूएलने, पेट्यांतले छोट्या लुआ मॉडने. बेरीज बदलली की उल्लंघन. मग ५.३ चं अंतर कमी-जास्त करून बघा; अंतर घटवलं की धोक्याची खिडकी अरुंद होते, बंद होत नाही. आणि सर्व्हर मारताना कंट्रोल-सी वापरू नका, थेट किल -९ द्या. कंट्रोल-सी दिलं की सर्व्हर शहाण्यासारखा सगळं लिहून मगच बंद होतो. मी दोन दिवस तेच करत होतो, आणि हिरे दर वेळी बरोब्बर भरत होते.