पानांचा पोशाख कोणी निवडला?

बेरेशीतच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा अंजिराची पाने जोडून नेसतात. हाताने केलेला तो पहिला पोशाख, आणि तो केला लपण्यासाठी. आज ज्या छायाचित्रांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांतली माणसेही पाने, गवत, शेवाळ, काटक्या अंगावर घेऊन उभी आहेत. पण ती लपलेली मात्र नाहीत. वयाने ती बहुतेक आमच्या बरोबरीची किंवा आमच्याहून थोर आहेत, म्हणून आमचे कुतूहल जरा अधिक.

या मालिकेचे नाव ‘आईज ॲज बिग ॲज प्लेट्स’, म्हणजे थाळीएवढे डोळे. नॉर्वेची कारोलिने योर्त आणि फिनलंडची रीत्ता इकोनेन या दोघींनी २०११ साली नॉर्वेत तिची सुरुवात केली. पहिले पुस्तक २०१७ साली निघाले. तीन बोकड पुलावरून जातात आणि पुलाखाली राक्षस बसलेला असतो, ही नॉर्वेची गोष्ट आपल्या नातवंडांना ठाऊक असेल. त्या राक्षसाचे डोळे कथलाच्या थाळ्यांसारखे असतात. अशा लोककथांतली पात्रे जिवंत माणसांतून उभी करावीत, हा मूळ विचार होता. पुढे राक्षस मागे पडला आणि माणूस पुढे आला, हे चांगलेच झाले.

काम करण्याची रीत अशी. दोघी एखाद्या वयस्क माणसाला भेटतात. तो शेतकरी असेल, कोळी असेल, नळदुरुस्ती करणारा असेल नाहीतर गाणारी बाई असेल. बसून बोलतात, त्याच्या ओळखीच्या जागी त्याच्यासोबत जातात आणि तिथे जे उगवते किंवा वाहून येते त्याचा पोशाख तिथल्या तिथे करतात. अळूसारखी रुंद रुबार्बची पाने डोक्यावर येतात, समुद्राचे लांब शेवाळ खांद्यांवरून उतरते, सुक्या गवताचा झगा होतो. शिंप्याचे काम थोडे, बांधणे आणि रचणे जास्त. फोटो निघाला की ते सारे पुन्हा जमिनीवर.

आम्हांला सर्वांत आवडले ते हे, की यांत बहुधा कोणी हसत नाही. म्हाताऱ्या माणसाने फोटोत गोड हसावे, नाहीतर खिडकीपाशी उदास बसावे, अशी जगाची समजूत झालेली आहे. येथे ती माणसे कुठेतरी लांब पाहत गंभीरपणे उभी आहेत. अंगावर एवढा पालापाचोळा असून एकही हास्यास्पद दिसत नाही! चाळीस वर्षे वर्गासमोर उभे राहिलेल्या माणसाला हे किती कठीण आहे ते कळते.

याच्या शेजारी इंग्लंडच्या कर्स्टी मिचेल यांची ‘वंडरलँड’ ही मालिका ठेवून पाहावी. त्यांची आई इंग्रजीची शिक्षिका. २००८ साली ती वारली. तिने लहानपणी सांगितलेल्या गोष्टींच्या आठवणीत लेकीने २००९ ते २०१४ अशी पाच वर्षे खपून परीकथेचे जग उभारले. पोशाख हाताने शिवले, रानात फुले उमलण्याची वाट पाहिली. ती चित्रे डोळे दिपवतात. पण त्यांतली मुलगी कोण, हे आपण विचारत नाही. ती बाहुली आहे, गोष्ट दुसरीची आहे. तिथे ते शोभते, कारण गोष्ट खरोखरच त्या लेकीची आहे. अडचण होते ती बाहुलीच्या जागी खरा म्हातारा माणूस उभा केला की.

आणि हे आपल्याकडे होते. ‘भारतीय यहुदी’ टिपायला कॅमेरे घेऊन मंडळी येतात तेव्हा काय सांगतात? हिरवी साडी नेसा, बांगड्या भरा, मलिद्याचे ताट हातात धरा. जणू एलियाहू हानावीचा नवस आपण रोज फेडतो! ताट खरे, साडीही खरी. पण त्या बाईने तीस वर्षे रुग्णालयात पाळ्या केल्या, हे त्या फोटोत कुठे आहे? पोशाख कोणी निवडला, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. मालिकेच्या त्या दोघी निदान आधी ऐकतात.

तरीही आमची एक तक्रार आहे. ही रीत असे धरून चालते की म्हातारा माणूस आणि त्याच्या पायाखालची जमीन एकमेकांची असतात. जो कोळी जन्मभर त्याच किनाऱ्यावर राहिला, त्याला तिथले शेवाळ शोभतेच. पण आलिया केलेल्याचे काय? बेर शेवात राहणाऱ्याच्या अंगावर एशेलच्या फांद्या घालाव्यात? अब्राहामाने तिथे एशेल लावला खरा, पण आम्ही तिथे आलो ते घराची किल्ली घ्यायला. की कोकणातल्या इरल्याची आठवण काढावी? बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते इरले पाठीवर घेऊन बाया लावणी करीत. झाडपाला अंगावर घेऊन पावसात दिवसभर राबणे ही कोकणात कला नव्हती, गरज होती. कला म्हणायची तर लग्नातला मोगऱ्याचा शेरा. मालिकेतल्या फोटोखाली फक्त पहिले नाव, देश आणि साल असते. स्थलांतरिताला देश एकच कसा लिहावा, याचे उत्तर त्या रीतीत नाही.

आमच्या मोआदोनमध्ये आम्ही ही चित्रे दाखवली आणि विचारले, तुम्ही काय घालाल? एक बाई म्हणाल्या, नारळाच्या झावळ्या. चार वर्षांच्या असताना त्यांनी अलिबाग सोडले, झावळी विणलेली त्यांना आठवतही नाही; पण दुसरे काही सुचत नाही म्हणाल्या. एका गृहस्थांनी पुरीमच्या दुकानातला राजाचा मुकुट चालेल का, असे विचारून सर्वांना हसवले.

दिमोनाच्या कापडगिरणीत उमेद घालवलेल्या एक आजी मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “कापूस. पाळी संपली की केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापसाचे तंतू बसलेले असत. घरी पोरं म्हणायची, आई म्हातारी होऊन आली. तेवढा कापूस आणा. आणि साडी नको, माझा निळा कोट अजून कपाटात आहे.”

कापूस कुठे मिळेल, याची चौकशी आम्ही सुरू केली आहे. कोणा वाचकाकडे असल्यास कळवावे.